पळण्यापेक्षा थांबणं अवघड

मामीला फोटो पाठवले आणि दहा मिनिटांत तिचा फोन. "काय रे, रात्रभर तीनशे किलोमीटर पळालास? गुडघे आहेत ना जागेवर?"

आहेत. आणि तीनशे मी पळालो नाही, आम्ही बारा जण पळालो. 'हूड टू कोस्ट' ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली रिले शर्यत आहे. 3,429 मीटर उंचीच्या माउंट हूडवर, टिंबरलाइन लॉजपासून ती सुटते आणि पॅसिफिकच्या काठी सीसाइड गावच्या वाळूत संपते. अंतर जवळपास 320 किलोमीटर, टप्पे 36, एका संघात 12 जण. म्हणजे प्रत्येकाला तीन टप्पे. माझ्या वाट्याला सगळे मिळून पंचवीसेक किलोमीटर आले. बॉब फूट नावाच्या धावपटूने 1982 मध्ये ही शर्यत सुरू केली तेव्हा आठ संघ होते, आता हजाराच्या आसपास असतात. एवढे सगळे अतिमानव असते तर ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या ऑफिसांमध्ये लिफ्टपुढे रांगा लागल्या नसत्या.

हे सांगितलं की लगेच दुसरं टोक गाठलं जातं. माझा मामेभाऊ सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळतो. तो म्हणाला, "मग ही तर हाफ मॅरेथॉनच की! तीपण तुकड्यातुकड्यांनी, मधे गाडीत बसून." पहिल्या वर्षी मीही असाच हिशेब केला होता. त्यात चूक अंतराची नाही, मधल्या वेळेची आहे. सलग 21 किलोमीटर पळताना शरीर एकदाच तापतं. इथे ते तापतं, घामेजल्या कपड्यांत तासन्‌तास व्हॅनच्या सीटवर आखडतं, आणि मग त्याला पुन्हा उठवायचं. तेही दोनदा, त्यातलं एकदा भर रात्री. सवय करायची असेल तर रविवारी एकदाच लांब पळून भागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पळा, शनिवारी पहाटे पळा आणि दुपारी पाय नको म्हणत असताना परत पळा.

मी संघात पहिला होतो, म्हणजे 1, 13 आणि 25 हे टप्पे माझे. पहिला टप्पा नुसता उतार. नऊएक किलोमीटरमध्ये रस्ता सहाशे मीटर खाली येतो. नवखे लोक हा टप्पा मागून घेतात, कारण उतार म्हणजे फुकटची कमाई असा सर्वांचा समज. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट उतरलेल्या मामेभावाला हे वेगळं सांगावं लागलं नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि या ताणात त्याचे बारीक तंतू जास्त दुखावतात. दम लागत नाही म्हणून ते कळत नाही. दुखणं बारा ते चोवीस तासांनी वर येतं. मी सकाळी सातला मजेत उतरलो आणि पहाटे तीनच्या टप्प्याला मांड्या दगड झाल्या.

ते पहाटे तीनचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज झोपेबद्दल आहेत. संघाच्या दोन व्हॅन असतात. एकीतले सहा जण पळत असताना दुसरीतल्यांना सुट्टी. आमची व्हॅन रात्री दहाला मोकळी झाली आणि माझा 25 वा टप्पा तीनला होता. कागदावर पाच तास झोप. त्यातून वजाबाकी करा. पुढच्या एक्सचेंजपर्यंत, म्हणजे धावपटू बदलायच्या जागेपर्यंत, अरुंद डोंगरी रस्त्यावर शेकडो व्हॅनच्या रांगेतून दीड तास. खाणं, कपडे बदलणं, फिरत्या शौचालयाची रांग, आणि आपला माणूस अपेक्षेपेक्षा लवकर पोचला तर काय, या धास्तीने अर्धा तास आधी तयार राहणं. उरले दीड-दोन तास. तेही माळरानावर, ओल्या गवतात पसरलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये. शेजारी चाळीस अनोळखी माणसं घोरत असतात आणि कुणाचा तरी गजर दर पाच मिनिटांनी वाजत असतो.

तरीही "झोप नाही म्हणजे ताकद नाही" हे खरं नाही. एका रात्रीच्या जागरणाने स्नायूंचं बळ फारसं घटत नाही. वाढते ती कष्टाची जाणीव. तोच वेग, पण तो जास्त जड वाटतो. शिवाय पहाटे चारच्या आगेमागे शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, त्यामुळे अंग लवकर सैलावत नाही. आणि गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास डोकं बधिर असतं. म्हणून उठल्या उठल्या पळत सुटायचं नाही. खरी झोप घ्यायची ती शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात. माझ्या तीनच्या टप्प्यात हेडलॅम्पचा पिवळा गोल, त्यात आपलीच वाफ, दोन्ही बाजूंना फरची झाडं, आणि पुढे कुठेतरी एक लाल ठिपका उडत चाललेला, कुणाच्या तरी पाठीवरचा दिवा. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मी तीनदा ठरवलं की पुढच्या वर्षी यायचं नाही. तिसऱ्या किलोमीटरला अंग तापलं आणि तो विचार गेला.

आईला भीती अस्वलांची. मला व्हॅनच्या चालकाची. रात्री पळणाऱ्याच्या अंगावर चमकणारं जॅकेट आणि दिवे सक्तीचे असतात, पण चालकाच्या डोळ्यांवर सक्ती कोण करणार? सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. भारतात गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. आम्ही पहाटे चारला उठून डोंगरावर आलो होतो, म्हणजे रात्री नऊनंतर आमच्यातला प्रत्येक चालक या हिशेबाने 'प्यायलेला' होता. त्यानंतर आम्ही एक नियम केला. न पळणारा, दुपारी झोपून आलेला एक माणूस फक्त गाडीसाठी घ्यायचा. संघातला सगळ्यात उपयोगी गडी तोच.

कोण जिंकतंय, हे रस्त्यावर बघून कळत नाही. सगळे संघ एकदम सुटत नाहीत. संथ संघ पहाटे सोडतात, वेगवान दुपारी, म्हणजे सगळे साधारण एकाच सुमारास किनाऱ्यावर पोचावेत. त्यामुळे तुम्हाला सूं करून मागे टाकणारी मुलगी तुमच्यानंतर कितीतरी तासांनी निघालेली असते. बॅटनही काठीचा नसतो. मनगटावर टपकन गुंडाळली जाणारी पट्टी असते, ती घामाने निसटते आणि अंधारात गवतात शोधावी लागते.

आणि हे अमेरिकन खूळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. जपानमध्ये 1917 च्या एप्रिलमध्ये क्योटो ते टोकियो अशी 508 किलोमीटरची 23 टप्प्यांची रिले झाली, दिवसरात्र, तीन दिवस. खांद्यावरून तिरका घ्यायचा कापडी पट्टा एकाने दुसऱ्याला द्यायचा. तिथून 'एकिदेन' हा रिले शर्यतींचा प्रकार रुजला. आपल्याकडे शिवजयंतीच्या आदल्या रात्री गडावरून शिवज्योत घेऊन गावाकडे पळणारी पोरं सगळ्यांनी पाहिली आहेत. मागे टेम्पो, टेम्पोत घोषणा, हातातल्या मशालीचं तेल हातावर ओघळतंय, आणि बऱ्याच जणांच्या पायांत चप्पलही नाही. तिथे घड्याळ नसतं, म्हणून आपण त्याला रिले म्हणत नाही, इतकंच. टप्पे मात्र छोटे असतात, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. अंग गार पडायच्या आत पाळी परत येते.

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास आम्ही वाळूत पोचलो. सोमवारी ऑफिसात जिना उतरताना मी कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, आडवा आडवा उतरत होतो. एक सहकारी कळवळून म्हणाला, "लॅक्टिक ॲसिड साचलंय, मालिश करून घे." शर्यतीतलं लॅक्टेट पळणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. सोमवारी दुखतात ते शुक्रवारी सकाळी सातला उतारावर दुखावलेले तंतू. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. तोवर दोन पायऱ्या उतरून झाल्या होत्या. अजून चौदा होत्या.