थायरॉइडचा अहवाल कसा वाचतात

थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या या ग्रंथीचे वजन प्रौढ माणसात जेमतेम १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातले आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. पहिल्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, दुसऱ्याच्या तीन. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल, बाळाच्या मेंदूची वाढ हे सारे या संप्रेरकांवर अवलंबून असते.

ग्रंथीने किती काम करायचे, हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ठरवते. रक्तातील थायरॉइड संप्रेरके कमी झाली की ती टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक अधिक सोडते. थायरॉइड संप्रेरके पुरेशी झाली की पीयूषिका हात आखडता घेते. मजूर मंदावला की मुकादमाच्या हाका वाढाव्यात, तसा हा प्रकार.

म्हणूनच अहवालातला टीएसएचचा आकडा उलटा वाचावा लागतो. तो वाढलेला आणि टी-४ कमी असेल, तर थायरॉइड मंद आहे. थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा ही तिची लक्षणे. टीएसएच अगदी कमी आणि टी-४ जास्त असेल, तर बहुधा ग्रंथी अतिक्रियाशील असते. मग छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन घटते. दोन्ही आकडे कमी असतील, तर दोष पीयूषिकेत असू शकतो. नुसता टीएसएच पाहिला तर हा दोष नजरेतून निसटतो.

बिघाड कळला, तरी कारण शोधायचे उरते. आयोडीन कमी पडल्यास ग्रंथी फुगून गलगंड होतो. भारतात त्यासाठी १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले. हाशिमोटो आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. प्रतिपिंडांच्या तपासणीतून ते कळते. गळ्यात गाठ लागली, तर सोनोग्राफी आणि गरजेनुसार सुईने पेशी काढून तपासणी करतात.

नवजात बाळात मात्र लक्षणांची वाट पाहणे महागात पडते. थायरॉइड संप्रेरकांची जन्मजात कमतरता असलेली बहुतेक बाळे सुरुवातीला निरोगीच दिसतात. जन्मानंतर लगेच टीएसएच नैसर्गिकरीत्याच वाढलेले असते, म्हणून दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करतात. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बुद्धीच्या वाढीचे नुकसान बहुतांशी टळते.

मोठ्यांमध्ये मंद थायरॉइडसाठी दिलेल्या टी-४च्या गोळीचे प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. टी-४ रक्तात निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. ते स्थिरावून पीयूषिकेने जुळवून घेतल्यावरच टीएसएचचा आकडा भरवशाचा ठरतो.