डोळ्यांसमोर होतं, तरी दिसलं नाही

‘गोळी मी बघूनच दिली होती.’ बीपीच्या जागी शुगरची गोळी दिली गेली की घरातलं माणूस हेच सांगतं. ते खोटं बोलत नसतं. डोळे उघडे आहेत, वस्तू समोर आहे, म्हणून मेंदूने ती नीट पाहिलीच असं होत नाही.

डोळ्यात पडलेलं चित्र नसेतून डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या पाहण्याच्या भागात जातं. तिथून पुढे कामाची वाटणी होते. चेहऱ्यांसाठी एक भाग, घरं आणि जागा यांच्यासाठी दुसरा. १९९९ साली कॅथलीन ओक्रेवन, पॉल डाउनिंग आणि नॅन्सी कॅन्विशर या शास्त्रज्ञांनी चेहऱ्याचं आणि घराचं चित्र एकावर एक, दोन्ही आरपार दिसतील असं दाखवलं. माणसं एमआरआय मशीनमध्ये पडून ते बघत होती. चेहऱ्याकडे लक्ष द्या म्हटलं की चेहऱ्याच्या भागाचं काम वाढे, घराकडे म्हटलं की घराच्या. जास्त काम करणाऱ्या भागाकडे रक्त जास्त जातं, ते मशीनला कळतं. समोरचं चित्र बदललंच नव्हतं, फक्त लक्ष बदललं होतं.

आणि हे शिकल्यासवरल्यांनाही चुकत नाही बरं का. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्ट डॉक्टर फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधत होते. त्यात मुद्दाम गोरिलाचं चित्र टाकलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्यावरून गेली होती! मन गाठींत होतं.

मग एका खोलीत टीव्ही, कुकर, रडणारं मूल आणि हातात मोबाईल असताना सासूबाईंच्या गोळ्या काढणाऱ्या सुनेला ‘तुझं लक्ष कुठे असतं’ म्हणून बोलण्यात काय अर्थ? त्यापेक्षा गोळ्यांच्या वेळी दोन मिनिटं टीव्ही बंद करा, मोबाईल खाली ठेवा. स्ट्रिपवरच्या नावावर बोट ठेवून मोठ्याने वाचा. रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून किंवा शाळेतल्या मुलाकडून विचारून स्ट्रिपवर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून ठेवा. गोळी काढताना नावाचा भाग फाडू नका.

लक्ष देऊनही धूसर दिसत असेल तर मात्र डोळेच तपासा. शुगर असलेल्यांनी डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा. एकाएकी दिसेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.