भार वर, माणूस खाली : चेन कप्पी आणि बेल्ट वापरताना

आरोग्याच्या पानावर चेन कप्पीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. मालवण किनाऱ्यावर १ जूनला मासेमारी बंदी लागते, त्याआधी ट्रॉलर आणि होड्या वर ओढल्या जातात. विहिरीतला पंप काढतात, पुलाच्या कामावर लोखंड चढते. दोर ओढायला आणि लटकता भार हाताने धरायला रोजंदारीची माणसे असतात, त्यांत आपल्या बौद्धवाड्यांतली पोरेही. चिरडलेला हात आणि मोडलेला मणका पूर्वीसारखा होत नाही, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला.

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र रात्रीच्या कामात कोसळले. २० जण गेले. तेवढे यंत्र आपल्या गावात येणार नाही, पण वजन लटकले की नियम लहान-मोठे बघत नाही.

आधी वर बघा. कप्पीवर १ टन लिहिलेले असते, पण ती ज्या वाशाला टांगली त्या वाशावर कोणी काही लिहिलेले नसते. त्याला भार, कप्पीचे स्वतःचे वजन आणि साखळी ओढण्याचा जोर, तिन्ही पेलायचे असतात. वाळवी लागलेला वासा किंवा माडाचे खोड ही टांगायची जागा नव्हे. दुसरी खूण सोपी आहे: हाताची साखळी एका माणसाला ओढवत नसेल तर भार जास्त आहे किंवा कप्पी अडकली आहे. अशा वेळी दुसरा गडी बोलावून दोघांनी लोंबकळायचे नाही, थांबायचे.

बेल्टचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. १००० किलोचे इंजिन दोन बेल्टनी उचलले. बेल्ट सरळ उभे असतील तर प्रत्येकावर ५०० किलो. तेच तिरके झाले आणि आडव्या रेषेशी ६० अंश राहिले तर प्रत्येकावर सुमारे ५७७ किलो, ४५ अंशाला ७०७, आणि ३० अंशाला पुरते १०००! इंजिन तेच, बेल्ट तेच, फक्त पसरट बांधले. म्हणून बेल्ट लांब घ्यावा, हूक उंच ठेवावा. भाराला फास घालून उचलले तर बेल्टची ताकद साधारण ८० टक्केच धरा. बेल्टचा रंगही बोलतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३. पण शिवलेली पट्टी फाटून गेली असेल तर नुसत्या रंगावर विश्वास नको. कापलेला, जळलेला किंवा गाठ मारलेला बेल्ट कामातून काढून टाका. जाळ्याचा जुना नायलॉन दोर तर भार उचलायला नकोच. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा मागे येतो. होडी ओढताना दोराच्या रेषेत आणि कोनात पोरांना उभे करू नका. बघे तर हमखास तिथेच उभे राहतात!

खारा वारा लोखंड खातो, हे मालवणकरांना सांगायला नको. राजकोटचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हा गंजलेल्या नटबोल्टची चर्चा घरोघरी झाली. तारेचा दोर तर आतूनही गंजतो. तुटलेल्या तारा वर आल्या, दोर चपटला, हुकाचे तोंड उघडले किंवा हुकाची जीभ गेली, तर ती वस्तू वेगळी ठेवा. वेल्डिंग करून पुन्हा वापरात आणू नका.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम २९ आले: उचलण्याची साधने बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासायची आणि किती भार चालतो ते लिहायचे. किनाऱ्यावरच्या कामाला कारखाना म्हणत नसतील, तरी मुकादमाला तेवढे विचारायला कोण अडवतो? एकट्याने विचारले की दुसऱ्या दिवशी खाडा पडतो, हे आम्ही जाणतो. म्हणून पाच-सहा जणांनी मिळून विचारा. बायकांनीही घरी विचारावे: भाराखाली उभे राहायला सांगतात का?

अपघात झालाच तर १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखे उघडून बघू नका. उंचावरून पडलेल्याला उचलून रिक्षात कोंबू नका, मान आणि पाठ सरळ राहू द्या. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. किनाऱ्यावर बर्फ भरपूर असतो, पण बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्यालायक राहत नाही. पाय किंवा हात भाराखाली दबला असेल तर किती वाजता दबला आणि किती वाजता सुटला ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. फार वेळ दबलेल्या स्नायूंतले घातक घटक सुटल्यावर रक्तात मिसळून मूत्रपिंडाला बाधतात. जखम बाहेरून साधी दिसली तरी ओरोसला किंवा बांबोळीला पाठवायचे की नाही, ते या वेळेवरून ठरू शकते.