घासलेट, पपईचा चीक आणि कांद्याचा करार

खान्देशात लोककार्य करणारे वकील कधी कमी नव्हते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील, पण जीव सगळा रामदासी मठांतल्या बाडांत. त्यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि १९३५ मध्ये गोळा केलेल्या हस्तलिखितांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं. जळगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार झाल्या, पुढे राष्ट्रपती. दानशूर शेटजींचीही वाण नव्हती. अमळनेरच्या प्रतापशेठांनी १९०६ मध्ये कापडगिरणी काढली आणि दहा वर्षांनी तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीच्या भोंग्याशेजारी वेदान्ताची चर्चा चालवणारा शेटजी आजच्या हिशेबात बसायचा नाही.

या सगळ्यांची रीत मात्र एकच होती. पोटाचा धंदा एकीकडे, समाजकार्य दुसरीकडे. जळगावचे भवरलाल हिरालाल जैन, म्हणजे खान्देशचे ‘मोठे भाऊ’, यांच्याबद्दल लिहिताना आपण त्यांनाही याच खणात टाकतो: गांधी तीर्थ, अनुभूती शाळा, साहित्य पुरस्कार, २००८ ची पद्मश्री. यादी खरी आहे आणि मोठीही आहे. पण त्यांची लोकसेवा मला या देणग्यांपेक्षा त्यांच्या धंद्याच्या रोजकीर्दीत जास्त दिसते.

भाऊंचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. पूर्वज मारवाडातून पाण्याच्या शोधात निघाले आणि अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याशी स्थिरावले. मुंबईत वाणिज्य आणि कायदा अशा दोन्ही पदव्या घेतलेला हा मुलगा राजपत्रित अधिकारी म्हणून निवडला गेला. साठच्या दशकातल्या खेड्यातल्या घरात ही बातमी म्हणजे पेढे वाटायचा प्रसंग. आई गौराबाईंनी मात्र वेगळं सांगितलं, असं भाऊ नेहमी सांगत: नोकरीने तुझं आणि तुझ्या घरच्यांचं भागेल, पण शेतीशी जोडलेलं काही केलंस तर गुराढोरांचं, पाखरांचंही पोट भरेल. मग १९६३ मध्ये घरातली तीन पिढ्यांची शिल्लक, ७,००० रुपये, हाती घेऊन त्यांनी जळगावात घासलेट विकायला सुरुवात केली. एलएल.बी. झालेला मुलगा घासलेट विकतो, यावर गावात काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको.

घासलेटामागून ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाइप अशा एजन्सी आल्या. गिऱ्हाईक शेतकरीच, त्यामुळे कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे आणि कुणाची उधारी का थकली, हे दुकानात बसूनच कळत होतं. खरी उडी १९७८ ची. केळीची पावडर करणारा एक आजारी कारखाना त्यांनी ३० लाख रुपयांना घेतला, पण त्यात केळीची पावडर केली नाही. त्यांनी पपईचा चीक घेतला. कच्च्या पपईवर पहाटे ब्लेडने उभे बारीक चरे पाडतात, दुधासारखा चीक ठिबकतो, तो भांड्यात धरतात आणि वाळवतात. त्यातून निघणारं पपेन हे मांस मऊ करायला, बिअर नितळ करायला, औषधांत वापरतात. चरे पडलेल्या फळाला बाजारात फारसं कुणी विचारत नाही, म्हणून चिकाला नक्की गिऱ्हाईक असल्याशिवाय शेतकरी फळाला ब्लेड लावत नाही. ते गिऱ्हाईक जळगावातच उभं राहिलं आणि शुद्ध केलेलं पपेन परदेशी जाऊ लागलं.

पुढे पीव्हीसी पाइप आले आणि ऐंशीच्या दशकात ठिबक. अमेरिका-इस्रायलमध्ये पाहिलेलं तंत्र काळ्या कसदार जमिनीत आणणं म्हणजे नुसत्या नळ्या विकणं नव्हतं. दंडाने पाणी भरणाऱ्याला वाटे, थेंबाथेंबाने केळी जगेल तरी कशी? त्यातच नव्वदच्या दशकात टिश्यू कल्चरची रोपं आली. ‘जी-नाईन’ म्हणजे ग्रँड नैन ही केळीची जात. पूर्वी कंद लावायचे, घड हाती यायला दीड वर्ष जायचं आणि बाग मागेपुढे निसवायची. टिश्यूचं रोप ठिबकवर लावलं की घड अकरा-बारा महिन्यांत, तोही सगळ्या बागेत जवळपास एकाच वेळी. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरल्यावर लावलेली कांदेबाग, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचं गणितच बदललं. व्यापाऱ्याला एकदम गाडीभर माल मिळू लागला आणि पिलबागेचा, म्हणजे पहिल्या घडानंतर बुंध्याच्या पिलांवर घ्यायच्या पिकाचा, हिशेबही वेगळा झाला. हे श्रेय एकट्या भाऊंचं नाही. कृषी खातं, विद्यापीठ, आणि सगळ्यात आधी धोका पत्करणारे शेतकरी त्यात आहेत. पण रोप, नळी आणि सल्ला एकाच दारात मिळायची सोय त्यांनी केली.

आता कांदा, कारण या माणसातला वकील मला तिथे दिसतो.

भाऊंच्या जळगावच्या कारखान्यात कांदा वाळवून निर्यात होतो. त्याला पांढरा कांदा लागतो. लाल कांद्यात पाणी फार, वाळवायला इंधन जास्त आणि हाती माल कमी. पांढऱ्या कांद्यात घन अंश जास्त. पण तो पिकवणाऱ्याला खात्री हवी, म्हणून करार शेती आली. करार म्हटलं की शेतकरी बिचकतो, आणि त्याचं चुकत नाही. भाव पडला की घेणाऱ्याला माल अचानक बारीक आणि ओला दिसायला लागतो. भाव चढला की पिकवणारा रातोरात ट्रॉली भरून बाजार समिती गाठतो. शब्द मोडायचा मोह दोन्हीकडे सारखाच. दावा लावावा, तर वकिलाची फी कांद्याच्या किमतीपेक्षा जास्त आणि निकाल लागेपर्यंत पुढचे कितीतरी हंगाम निघून जातात.

या करारात किमान भाव लावणीआधीच ठरतो. काढणीला बाजार त्याच्या खाली गेला, तरी किमान भाव मिळतो. बाजार वर गेला, तर बाजारभावाच्या जवळपासचा, किंचित कमी दर मिळतो. म्हणजे तेजीत शेतकरी थोडं सोडतो आणि त्या बदल्यात मंदीत त्याला आधार मिळतो. करार पाळण्यात त्याचं स्वतःचंच हित राहतं, कोर्टाची भीती घालावी लागत नाही. भाव आभाळाला भिडला की असाही करार ताणला जातो, हे उघड आहे. तरी वर्षानुवर्षं टिकण्याजोगा व्यवहार याच बैठकीवर उभा राहू शकतो. कायदा शिकलेल्या माणसाने वकिली केली नाही असं आपण म्हणतो, पण कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही असा कागद करणं ही वकिलीच आहे. कदाचित जास्त अवघड.

भाऊ चुकलेही. नव्वदच्या दशकात वित्त, संगणक, ग्रॅनाइट अशा भलत्याच क्षेत्रांत हात घातले आणि पोळले. तेव्हा त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि गाडी पुन्हा शेतीच्या रुळांवर आणली. आपल्याकडे कारखानदार कर्ज बुडवतात, पण चूक कबूल करत नाहीत.

जळगावजवळच्या जैन हिल्सवरच्या गांधी तीर्थाचं उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी प्रतिभाताईंच्याच हस्ते झालं, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पत्नी कांताबाई २००५ मध्ये गेल्यानंतर भाऊंनी लिहिलेलं ‘ती आणि मी’ हे पुस्तक मात्र वाचायला हवं. भाऊ २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबईत गेले.

पुढचा भाग गौरव अंकांत नसतो. ठिबकचा बाजार सरकारी अनुदानावर चालतो आणि अनुदान कधीच वेळेवर येत नाही. अडकलेली येणी आणि वाढलेलं कर्ज भाऊंच्या कंपनीला महागात पडलं. २०१९ मध्ये हप्ते थकले, २०२२ मध्ये बँकांशी कर्जफेडीची नवी घडी बसली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन झाला.

पाण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ठिबकने एका झाडाचं पाणी वाचतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर केळी लावतो, आणि लावणारच. त्याला दोष कसा द्यायचा? रावेर-यावलच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला. भाऊंनी वाकोदला आणि जैन हिल्सवर उताराला बांध घालून, तळी खोदून पाणी अडवलं, पण ते त्यांच्या जमिनीवर. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरवण्याचा तापी पुनर्भरण प्रकल्प वर्षानुवर्षं कागदावरच होता. त्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात सामंजस्य करार झाला तो मे २०२५ मध्ये, भोपाळला.