नाव मुलाचे नको, गोळीचे सांगा

जानेवारी 2025 मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्याचे नाव देशभर गाजले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागले. गावकऱ्यांनी ते लपवले नाही. गोष्ट सरपंचांकडे गेली, आरोग्य खात्याकडे गेली, वर्तमानपत्रांत आली. पाण्याचे नमुने तपासले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. जे मला होतेय तेच शेजाऱ्यालाही होतेय, एवढे उघड बोलले गेले म्हणून तपास सुरू झाला.

नशेच्या गोळ्यांबाबत आपल्या मोहल्ल्यात याच्या उलट घडते. मुलगा दुपारपर्यंत झोपतो, बोलताना जीभ जड होते, खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी सापडते. अम्मी ती गुपचूप कचऱ्यात टाकते आणि अब्बूंना कळू देत नाही. अब्बूंना कळलेच तर ते मामू-चाचांपासून लपवतात. त्याच गल्लीत तिसऱ्या घरातही हेच चाललेले असते आणि दोन्ही घरांना वाटते, ही आफत फक्त आपल्यावरच आली.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना दिवसाचे पाच-सहा तास पाहतो, त्यामुळे काही गोष्टी आम्हाला घरच्यांच्या आधी दिसतात. बाहीला व्हाइटनरचा किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा वास, लाल डोळे, एकाएकी बिघडलेले अक्षर. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगण्याची नशा करणाऱ्यांचे प्रमाण मोठ्यांमध्ये 0.58 टक्के, तर मुलांमध्ये 1.17 टक्के असे त्यात आहे. बाकी सगळ्या नशांमध्ये मोठी माणसे पुढे. या एकीत लेकरे पुढे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. मालेगावात जिला 'कुत्ता गोली' म्हणतात ती अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करण्यासाठी डॉक्टर लिहून देतात ते औषध. हे औषध एच-1 यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि डॉक्टरचे व रुग्णाचे नाव दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपावे लागते. कायदा चांगला आहे. पण रजिस्टर कोणी उघडून पाहील तेव्हा!

परदेशातले एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. नेदरलँड्समध्ये 1992 पासून नशेच्या गोळ्या तपासून देणारी केंद्रे आहेत. गोळी आणणाऱ्याला नाव विचारत नाहीत. डिसेंबर 2014 मध्ये तिथे सुपरमॅनचे चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी तपासली गेली. तिच्यात भलतेच जीवघेणे रसायन निघाले. लगेच टीव्हीवरून देशभर इशारा दिला गेला. ब्रिटनमध्ये मात्र लोकांना तसा इशारा मिळाला नाही, आणि नवे वर्ष उजाडताना तिथे चार जण दगावले.

आपल्याकडे असे केंद्र निघणे दूरची गोष्ट आहे. आपला कायदा वेगळा, विचारही वेगळा. पण त्यातली एक बाब आपण उद्यापासून उचलू शकतो. माणसाचे नाव सोडा, मालाची खबर द्या. कोणाचा ऐब उघडा करू नये, गीबत करू नये, म्हणून आपल्यातली भली माणसे गप्प राहतात. त्यांच्या भावनेची आम्हाला कदर आहे. पण 'आपल्या भागात अशा रंगाची, अशा पट्टीतली गोळी फिरतेय, ती खाऊन मुले बेशुद्ध पडतात' असे म्हणण्यात गीबत कुठे आली? जुम्याच्या नमाजनंतर इमाम साहेब हे दोन वाक्यांत सांगू शकतात. आशाताई, भरवशाचा मेडिकलवाला, शाळेतले एक-दोन शिक्षक आणि बचत गटातली एखादी आपा एवढी माणसे एकमेकांना वेळेवर कळवत राहिली तरी पुष्कळ झाले. मात्र खात्री करूनच बोलावे. स्ट्रॉबेरीच्या चवीची नशा शाळेबाहेर वाटतात, हा खोटा मेसेज वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. अशा अफवांमुळे खऱ्या खबरीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

घरात सापडलेच तर? मुलाला खोलीत कोंडून गोळ्या एकदम बंद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अल्प्राझोलामची जुनी सवय असेल तर त्यात फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ही गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. आपल्याच जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर कितीतरी घरे आपले माणूस घेऊन जातात. दुवा जरूर मागा, पण दवा थांबवून नको. ही गोळी दारूबरोबर किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. मुलगा हलवूनही जागा होत नसेल तर लिंबूपाणी पाजू नका, उलटी करवू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

व्यसन सोडवण्यासाठी 14446 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. माल विकणाऱ्याची माहिती 1933 वर देता येते आणि देणाऱ्याचे नाव गुप्त राहते. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ प्रमाणे थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार मात्र पुरे करावे लागतात.

आणि ती रिकामी पट्टी कचऱ्यात टाकू नका. 'कुत्ता गोली' म्हटल्याने डॉक्टरला काही कळेलच असे नाही. पट्टीवरचे नाव पाहिले की नेमके कळते. तिच्यावर बॅच नंबरही असतो. त्यावरून हा माल कोणत्या कारखान्यातून, कोणत्या होलसेलरकडून, कोणत्या दुकानात आला, हे अन्न व औषध प्रशासनाला शोधता येते. मुलाचे नाव तिच्यावर कुठेच नसते.