दोन कुशींचा एक वाघ

सौंदड गावाच्या उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल, दक्षिणेला नवेगावचं. 2013 साली दोन्ही मिळून एक व्याघ्रप्रकल्प झाला. मधून महामार्ग वाहतोच आहे. इथल्या डोंगर-जंगलात वाघ मोजतात कसे? पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, झाडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात. अंगाची ऊब हलली की फोटो निघतो. दोन कॅमेरे का? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. दर वेळी एकच बाजू टिपली, तर एका वाघाचे दोन व्हायचे! (आणि कधीकधी फोटोत निघते ती गावातली गाय.) मे 2023 मध्ये चंद्रपूरकडून इथे आणलेल्या दोन वाघिणींच्या गळ्यात मात्र रेडिओ कॉलर होती, त्या कुठे फिरतात, ते उपग्रहावरून कळायचं.