गिनी पिगचं पिल्लू चावतंय? त्याला ओरडण्याआधी हे समजून घ्या

पनवेल, कामोठे, खारघरच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळायचा म्हटलं की आधी घरात चर्चा होते आणि मग सोसायटीत. मुलांचा हट्ट काही संपत नाही. मग मधला मार्ग म्हणून अनेक घरांत गिनी पिग येतो. आकाराने लहान, भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही आणि दिसायला गोंडस.

पहिले दोन-तीन दिवस कौतुकात जातात. मग एक दिवस पिल्लू मुलाच्या बोटाला चावतं. मूल रडतं, आई-बाबा घाबरतात आणि 'आता याला हात लावायचा नाही' असा नियम होतो. पिंजऱ्यात खाणं-पाणी जातं, पण पिल्लाला कुणी उचलून घेत नाही.

खरी अडचण इथून सुरू होते. गिनी पिग आजारी असला तरी ते सहजासहजी दिसू देत नाही. वजन घटलंय का, पाय दुखतोय का, कातडीवर खपल्या आहेत का, हे त्याला हातात घेतल्यावरच कळतं. ज्याला कुणी हात लावत नाही, त्याचा आजार फार उशिरा लक्षात येतो.

म्हणून पिल्लू का चावतंय, हे आधी ओळखायला हवं.

हा प्राणी मुळात चावरा आहे का?

नाही. गिनी पिगचं नाव फसवं आहे. तो डुकराच्या कुळातला नाही आणि गिनी या देशातलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला कृंतक, म्हणजे उंदीर-खारीच्या गटातला प्राणी आहे. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला मांसासाठी पाळायला सुरुवात केली. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे जगभर गेला.

मुंबईशी त्याचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. प्लेगच्या साथीचा अभ्यास करण्यासाठी १९०५ मध्ये नेमलेल्या आयोगाने मुंबईतल्या प्लेगग्रस्त घरांमध्ये गिनी पिग ठेवले होते. घरातल्या पिसवा त्यांच्या अंगावर चढायच्या आणि मग संशोधकांना त्या तपासता यायच्या. हे काम परळच्या ज्या प्रयोगशाळेशी जोडलेलं होतं, ती आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

प्रयोगशाळांमध्ये हा प्राणी इतका वापरला गेला, त्यामागे त्याचा स्वभाव हेही एक कारण होतं. तो हाताळायला सोपा आणि सहसा न चावणारा. म्हणूनच घरातलं पिल्लू वारंवार चावत असेल, तर त्यामागे काहीतरी कारण असतं.

कुरतडणं, दात लावणं आणि चावणं

हे तीन प्रकार वेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे हलकंसं कुरतडणं. पिल्लू नवी वस्तू तोंडाने तपासतं. त्यातच तुम्ही नुकतीच काकडी किंवा कोथिंबीर चिरली असेल, तर तुमचं बोट त्याला खाऊच वाटतं. पिंजऱ्याच्या गजांमधून भाजी भरवायची सवय असेल, तर गजातून आत येणारं प्रत्येक बोट म्हणजे खाणं, असं ते शिकतं. यावर उपाय सोपा आहे. उचलण्याआधी सौम्य साबणाने हात धुवा आणि भाजी गजांमधून न देता वाटीत ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे दात लावणं. यात दाब जाणवतो, पण रक्त येत नाही. हा बहुतेक वेळा निरोप असतो. 'मला खाली ठेवा', 'तिथे हात लावू नका' किंवा 'मला लघवीला जायचंय'. मांडीवर दहा-पंधरा मिनिटं शांत बसलेलं पिल्लू अचानक चुळबुळ करून कपडे ओढायला लागलं, तर त्याला पिंजऱ्यात ठेवून पाहा. बऱ्याचदा ते लगेच लघवी करतं.

तिसरा प्रकार म्हणजे कडकडून चावणं. भीती, वेदना किंवा दोन प्राण्यांच्या भांडणात मध्ये गेलेला हात, ही याची मुख्य कारणं.

भीती कशाची वाटते?

निसर्गात गिनी पिग हे शिकाऱ्यांचं भक्ष्य आहे. घारीसारखा पक्षी वरून येतो आणि झडप घालतो. पिंजऱ्याचं झाकण उघडून वरून आलेला माणसाचा हातही पिल्लाला तसाच वाटतो. अनेकदा ते आधी जागच्या जागी थिजतं. 'किती शांत बसलंय' असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ते घाबरलेलं असतं.

वयाचाही प्रश्न आहे. गिनी पिगची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस आणि तोंडात दात अशी असतात. पहिल्या काही दिवसांतच ती गवत कुरतडायला लागतात. त्यामुळे ती लवकर मोठी झाल्यासारखी वाटतात. पण साधारण तीन आठवडे त्यांना आईच्या दुधाची आणि सोबतीची गरज असते. त्याआधीच वेगळी केलेली, प्रवास करून नव्या घरी आलेली पिल्लं जास्त बावरलेली असतात.

उचलायचं कसं?

पहिले दोन-तीन दिवस उचलूच नका. पिंजऱ्याजवळ बसा, हळू आवाजात बोला, हातातून कोथिंबिरीची लांब काडी पुढे करा. पिल्लू स्वतःहून जवळ आलं की पुढची पायरी.

- जमिनीवर बसूनच उचला. उभं राहून उचललं आणि पिल्लाने उडी मारली, तर पाठीचा कणा किंवा पाय मोडू शकतो.
- हात वरून न आणता समोरून किंवा बाजूने, त्याच्या उंचीवर आणा.
- एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. चारही पायांना आधार मिळाला पाहिजे.
- लगेच आपल्या छातीशी धरा किंवा मांडीवर जुन्या टॉवेलमध्ये ठेवा. पाठीवर उलटं धरू नका.
- सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत. वेळ हळूहळू वाढवा.
- लहान मुलांनी उचलून फिरू नये. मोठ्यांनी मांडीवर द्यावं आणि शेजारी बसावं.

चावलं की काय करायचं?

हात झटकू नका. झटक्याने पिल्लू पडू शकतं आणि दात अडकलेला असेल तर जखम वाढते. मारणं, नाकावर टिचकी देणं, तोंडावर फुंकर मारणं यातून ते एवढंच शिकतं की हात म्हणजे धोका. मग चावणं वाढतं.

पिल्लू फक्त चुळबुळत असेल तर क्षणभर स्थिर राहा, ते शांत झालं की खाली ठेवा. चावल्याबरोबर दर वेळी सुटका झाली, तर चावणं ही त्याची युक्ती होऊन बसते. मात्र ते थरथरत असेल, किंचाळत असेल किंवा एखाद्या ठिकाणी हात लागताच चावत असेल, तर शिकवणी बाजूला ठेवा आणि त्याला अलगद खाली सोडा.

दोन नर दात वाजवत एकमेकांवर धावून जात असतील, तर मध्ये उघडा हात घालू नका. जाड टॉवेल टाकून वेगळे करा.

माणसाला जखम झाली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरातच वाढलेल्या अशा लहान कृंतकांच्या चाव्यातून रेबीज होण्याची शक्यता फार कमी असते. पण त्याला कुत्र्या-मांजराने चावलं असल्याची शंका असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

वेदना आहे, हे कसं ओळखायचं?

आधी न चावणारं पिल्लू अचानक चावायला लागलं, तर आजाराचा विचार आधी करा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते 'क' जीवनसत्त्वाकडे. माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीरही हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम त्याला खाण्यातून मिळावं लागतं आणि वाढत्या पिल्लाची गरज जास्त असते. ते कमी पडलं की स्कर्व्ही होतो. सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं आणि उचललं की पिल्लू चावतं. रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि थोडी कोथिंबीर दिली, तर गरज बऱ्याच अंशी भागते. तयार खाद्याच्या गोळ्यांमधलं 'क' जीवनसत्त्व साठवणुकीत कमी होत जातं, म्हणून फक्त त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

कातडीत शिरणारे बारीक किडेही तितकेच त्रासदायक. सतत खाजवणं, केस गळणं, खपल्या आणि पाठीला हात लागताच चावणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे न्या. तिसरं कारण दात. गिनी पिगचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच ते झिजतात. म्हणून आहारात मुख्य वाटा वाळलेल्या गवताचा हवा. फवारणी न केलेली हरळीही चालते. पोळी, भात, बिस्किटं, दूध, कांदा, लसूण आणि बटाटा देऊ नका.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा. पिल्लाचं वजन वाढत राहिलं पाहिजे. पिल्लाने बारा तास काही खाल्लं नाही, तर वाट पाहू नका.

घरातलं अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी माणसांसाठी नेहमीची औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. प्रत्येक पशुवैद्य हा प्राणी तपासतातच असं नाही. त्यामुळे पिल्लू धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवा.

पनवेलच्या हवेत काय जपायचं?

गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं. पनवेलमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा पस्तिशीपार जातो आणि दमटपणा वेगळाच. बंद, तापलेल्या गॅलरीत पिंजरा ठेवणं जिवावर बेतू शकतं. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून ती पिंजऱ्यात ठेवा. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, म्हणून ते थोडंथोडंच आणा आणि कोरड्या डब्यात ठेवा.

जागाही पुरेशी हवी. दोन गिनी पिगसाठी निदान चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते, तीही जाळीच्या तळाशिवाय. जाळीने तळपायांना जखमा होतात.

एकटं ठेवलं तर?

हा कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार एकच गिनी पिग पाळायला परवानगी नाही, त्याला सोबती द्यावाच लागतो. सोबत असली की पिल्लू कमी बावरतं. पण जोडी एकाच लिंगाची हवी. मादी साधारण चार ते सहा आठवड्यांतच गाभण राहू शकते आणि दुकानात नर-मादी ओळखण्यात चूक होऊ शकते. घरी आणल्यावर लवकरच पशुवैद्याकडून तपासून घ्या.

आणि तरीही जमत नसेल तर?

बऱ्याच पिल्लांची भीती दोन-तीन आठवडे रोज थोडा वेळ दिला की कमी होते. वय वाढेल तसं कुरतडणंही घटतं. एवढं करूनही घरात जमत नसेल, तर ओळखीतलं, आधीपासून गिनी पिग पाळणारं घर शोधा आणि पिल्लाचं वय, आहार, वजनाची नोंद त्यांना द्या.

'मोकळं राहील' म्हणून वडाळे तलावाच्या काठी किंवा कर्नाळ्याच्या जंगलात सोडून देणं ही सुटका नाही. हा प्राणी इथल्या निसर्गातला नाही. कुत्रे, मांजरं आणि घारींपुढे तो टिकत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे.

नीट सांभाळलेला गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतो. आज तिसरीत असलेलं मूल दहावीपर्यंत जाईल, एवढा हा काळ आहे. त्या तुलनेत सुरुवातीचे चाव्याचे दोन-तीन आठवडे फार नाहीत.